चार वर्षांचा कोर्स

मुलगी बारावी झाली त्या उन्हाळ्यात आमच्या घरात एकच विषय होता. नर्सिंगचा कोर्स चार वर्षांचा. म्हणजे बाविसाव्या वर्षी डिग्री, तेविसाव्या वर्षी सरकारी भरती, आणि मग पुढचं सगळं तिच्या मनाप्रमाणे. हे फॅक्टरीतून आले की डबा ओट्यावर ठेवता ठेवताच हा हिशोब पुन्हा बोलून दाखवायचे. ऐकायला बरं वाटायचं, म्हणून मीही दर वेळी नव्यानं ऐकायची.

मी मूळची हिंगणघाटकडची. माझी आई चौथीपर्यंत शिकली. मी बी.ए.चं पहिलं वर्ष पास झाले आणि त्याच वर्षी लग्न होऊन जबलपूरला, गढा भागात आले. लग्न ठरताना सासरे म्हणाले होते की पुढे शिकायला आमची ना नाही. ना खरंच नव्हती. पण कोणी फॉर्म आणून दिला नाही आणि मीही मागितला नाही. म्हणून लेकीला चार वर्षं मिळणार याचा आनंद तिच्यापेक्षा मलाच जास्त होता. तिला खरं तर साधी बी.एस्सी. करायची होती, घराजवळच्या सरकारी कॉलेजात. मीच म्हटलं, "साध्या बी.एस्सी.नं काय होऊन राहिलं आजकाल? नर्सचं काम कधी संपत नाही." हे माझंच वाक्य. आज ते दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही.

कॉलेज बायपासच्या पुढे होतं, मटाराच्या शेतांमध्ये एकटंच उभं. तीन मजली इमारत, समोरून निळ्या काचा, मागून नुसत्या विटा. फाटकावर कॉलेजची पाटी आणि तिच्याखाली शंभर खाटांच्या दवाखान्याची पाटी. ॲडमिशनच्या दिवशी आम्ही दवाखाना पाहायला मागितला, तर ऑफिसमधले बाबूजी म्हणाले की आत काम चालू आहे, सत्र सुरू होईपर्यंत होऊन जाईल. ह्यांनी मान हलवली. आयुष्यभर मशीनवर काम केलेला माणूस, लोखंडात केसाएवढा फरक असला तरी ओळखायचा. त्या दिवशी मात्र त्यांना काहीच दिसलं नाही. मलाही नाही.

पहिलं वर्ष चांगलं गेलं असं मला तेव्हा वाटलं. पोरगी सकाळी पांढरा ॲप्रन घडी करून बॅगेत टाकायची आणि निघायची. घरी आली की माझा हात धरून नाडी मोजायची, ह्यांच्या मनगटाला बँडेज बांधायची आणि पुस्तकातल्या चित्राशी जुळवून पाहायची. कॉलेजात प्रॅक्टिकलसाठी एक प्लास्टिकचा पुतळा होता. मुली शंभरावर आणि पुतळा एक, त्याचाही डावा हात निखळलेला. ती हे हसत सांगायची, आम्हीही हसायचो. शिकवणाऱ्या मॅडम दर दोन महिन्यांनी बदलायच्या. एकदा तर महिनाभर कोणीच नव्हतं, मुली आपापसांत धडे वाचायच्या.

मग परीक्षेचा फॉर्म भरला. टाइमटेबल आलं आणि रद्द झालं. पुन्हा आलं, पुन्हा रद्द झालं. पेपरात यायला लागलं की राज्यातली कितीतरी नर्सिंग कॉलेजं नुसती कागदावर आहेत, प्रकरण कोर्टात गेलं आहे, तपास होईपर्यंत परीक्षा थांबल्या आहेत. हायकोर्ट आमच्याच गावात. ह्यांची साप्ताहिक सुट्टी असली की हे स्कूटर काढून सिविल लाइन्सकडे जायचे आणि कोर्टाच्या फाटकाबाहेर उभे राहायचे. आत कोणाला भेटायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं. तिथे एका वकिलाचे मुन्शी ओळखीचे झाले होते, ते पुढची तारीख सांगायचे. हे घरी येऊन कॅलेंडरवर त्या तारखेला गोल करायचे. वर्ष संपलं तेव्हा मी ते कॅलेंडर उतरवलं. बारा पानांवर गोलच गोल होते.

परीक्षा न होताच पोरीला दुसऱ्या वर्षाच्या वर्गात बसवलं. मग तिसऱ्या. ती वीस वर्षांची झाली, एकवीस झाली. कागदोपत्री मात्र ती पहिल्या वर्षालाच होती. तिच्या शाळेतली एक मैत्रीण, हिला हवी होती ती साधी बी.एस्सी. करणारी, तीन वर्षांत पास होऊन पेढे घेऊन आली. पोरीनं पेढा खाल्ला, तिचं अभिनंदन केलं, आणि ती गेल्यावर बराच वेळ गच्चीवर कपडे वाळत घालत राहिली. कपडे चार-पाचच होते.

त्याच सुमारास कॉलेजनं पालकांची मीटिंग बोलावली. प्राचार्य सर फार गोड बोलायचे. त्यांनी सांगितलं की तपासणीला टीम येणार आहे, टीमला दवाखाना भरलेला दिसला पाहिजे, नाहीतर मान्यता जाईल आणि मुलींची सगळी वर्षं फुकट जातील. प्रत्येकीनं घरातली दोन माणसं आणायची. "बस दो घंटे लेटना है," ते म्हणाले, "बच्चियों के भविष्य का सवाल है."

 मी वाट पाहत होते की कोणीतरी उठेल. मला वाटतं, प्रत्येकजण तीच वाट पाहत होता.

घरी आल्यावर ह्यांनी साफ नकार दिला. म्हणाले, तीस वर्षांत खोटी हजेरी लावली नाही, आता खोटा आजारी काहून पडू. पोरगीही म्हणाली की जाऊ नकोस. तिला समजावलं ते मीच. म्हटलं, दोन तास डोळे मिटून पडायचं आहे, त्यात कोणाचं काय जातं? तुझी तीन वर्षं वाचून राहिली ना?

त्या सकाळी आम्ही मायलेकी पोहोचलो तेव्हा खाली ट्रकमधून खाटा उतरत होत्या. दुसऱ्या मजल्याच्या हॉलमध्ये त्या ओळीनं लावल्या. नव्या चादरींवर घडीच्या रेषा तशाच होत्या आणि सगळीकडे ताज्या रंगाचा वास होता. मला सतरा नंबरची खाट मिळाली. एका मुलानं माझ्या हाताच्या पाठीवर कापूस ठेवून पट्टी लावली आणि सलाइनची नळी तिच्याखाली खोचली. सुई नव्हती. खाटेला अडकवलेल्या कागदावर माझं नाव नव्हतं, दुसऱ्याच कोणाचं होतं, आणि पुढे टायफॉइड लिहिलं होतं. बाबूजींनी मला ते नाव दोनदा म्हणायला लावलं.

अठरा नंबरवर एक म्हातारी होती. शेजारच्या गावातून तिला आणि आणखी काहीजणींना गाडीत बसवून आणलं होतं. ती मला म्हणाली की गावात सांगितलं, नवीन दवाखाना उघडला आहे, आज तपासून मोफत औषध देणार आहेत. तिला खरंच ताप होता. तिचा श्वास माझ्या खाटेपर्यंत ऐकू येत होता, छातीतून बारीक शिट्टी वाजल्यासारखा. आमच्या ओळीवर ड्युटी माझ्या मुलीची होती. म्हातारीनं तिचा ॲप्रन धरला आणि विचारलं, "बिटिया, डॉक्टर साहब कब आएँगे?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. तिथे डॉक्टर नव्हता. कोट घातलेले दोघे होते, त्यातला एक कॉलेजच्या बसचा ड्रायव्हर होता. तिनं थर्मामीटर लावला. तो खरा होता. मग ती बाबूजींकडे गेली, काहीतरी बोलली, परत आली. माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "आई, हिला एकशे तीन आहे. ऑक्सिजनचा सिलेंडर रिकामा आहे. मी टीमला सांगू का?"

मी तिचा हात दाबला. म्हटलं, "चूप राह्य. दोन तासांचा प्रश्न आहे."

टीम आली. दोन पुरुष आणि एक बाई, बाईंच्या हातात फाइल. बाई माझ्या खाटेपाशी थांबल्या, माझ्याकडे नीट पाहिलं, आणि विचारलं की किती दिवसांपासून भरती आहात. मी म्हटलं, चार दिन से. त्यांनी विचारलं, आराम आहे का. मी म्हटलं, जी, आराम है. माझी मुलगी माझ्या उशाशी उभी होती. तिच्या हातात माझा चार्ट होता आणि त्यावरचे चार दिवसांचे ताप तिनंच सकाळी भरले होते. पलीकडे म्हातारी बाईंना हात जोडून सांगत होती की मला सकाळपासून कोणी पाहिलं नाही. बाईंनी फाइलमध्ये काहीतरी लिहिलं आणि त्या पुढे गेल्या. काय लिहिलं ते मला कधीच कळलं नाही.

टीमच्या गाड्या फाटकाबाहेर गेल्या आणि लगेच चादरी निघायला लागल्या. लोक हातावरच्या पट्ट्या काढत होते, पोह्यांच्या पुड्या वाटल्या जात होत्या, कोणीतरी हसत होतं. म्हातारी खाटेवरून उठायला तयार नव्हती. तिला औषध हवं होतं. दोन मुलांनी तिला धरून खाली आणलं आणि पायऱ्यांवर बसवलं. गाववाल्यांची गाडी आधीच निघून गेली होती.

मी घरी चल म्हणत होते. मुलीनं माझं ऐकलं नाही. तिनं रस्त्यावर जाऊन ऑटो थांबवला, म्हातारीला आत घातलं आणि सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. मी तिच्यासोबत गेले असं लिहायला मला आवडलं असतं. मी सिटी बसनं घरी आले. माझं डोकं दुखत होतं, आणि मला वाटत होतं की आपण पकडले जाऊ.

ती संध्याकाळी आली. चप्पल काढली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसली. म्हातारीला भरती केलं होतं, तिच्या मुलाला निरोप गेला होता. मी म्हटलं, चांगलं केलंस. ती ॲप्रनकडे पाहत राहिली. मग हळूहळू सांगायला लागली. तिथल्या सिस्टरनं तिचा युनिफॉर्म पाहिला आणि विचारलं, कोणत्या वर्षाला आहेस? ती म्हणाली, तिसऱ्या. वॉर्डात गर्दी होती, दोघीजणी चाळीस पेशंटना पाहत होत्या. सिस्टर म्हणाली, बरं झालं, इसको लाइन लगा दो, म्हणजे म्हातारीला सलाइनची सुई लाव, आणि ट्रे तिच्या हातात दिला.

"मी ट्रे घेऊन उभी होती," ती म्हणाली. "मला काहीच येत नाही, आई. सुई कशी धरतात तेही नाही. मी पुतळ्यालाच लावली होती, तीही एकदाच. सिस्टरनं ट्रे वापस घेतला. ओरडली पण नाही. बस म्हणाली, जाओ बेटा."

ती रडली नाही. रडली असती तर मी तिला जवळ घेतलं असतं. मी कणीक मळत राहिले.

कॉलेज त्या तपासणीत पास झालं. प्राचार्यांनी सगळ्या पालकांना धन्यवादाचा मेसेज पाठवला, खाली हात जोडल्याचं चित्र होतं. सहा-सात महिन्यांनी दुसरी टीम आली, या वेळी न सांगता, आणि आमच्या कॉलेजचं नाव अपात्र कॉलेजांच्या यादीत आलं. मुलींचं काय होणार यावर पुन्हा तारखा सुरू झाल्या. शेवटी असं ठरलं की कॉलेज अपात्र असलं तरी मुलींना परीक्षेला बसू द्यायचं, पास झाल्या तर त्यांना दुसऱ्या कॉलेजांत पाठवायचं. पहिल्या वर्षाची परीक्षा आली तेव्हा पोरीच्या ॲडमिशनला चार वर्षं होत आली होती.

ह्यांनी मिठाई आणली. जबलपुरातल्याच गोरखपूरच्या बाजारातून, तिच्या आवडीची खव्याची जिलबी. पुडा उघडायच्या आधीच तिनं सांगितलं की ती परीक्षेला बसणार नाही.

त्या आठवड्यात आमच्या घरात जे झालं ते मी कोणाच्या घरात होऊ नये म्हणेन. मी तिला हात जोडले. म्हटलं, नुसती पास हो, बाकी सगळं नोकरीवर शिकतात. हे म्हणाले, सगळ्या मुली परीक्षेला बसून राहिल्या आहेत, तू एकटीच काय वेगळी आहेस? ती आधी शांतपणे उत्तरं देत होती. दुसऱ्या कॉलेजात गेले तरी मागची वर्षं कोणी पुन्हा शिकवणार नाही, म्हणाली. पेपर लिहून ती पास होईल, डिग्रीही मिळेल, आणि मग कोणीतरी ट्रे हातात देईल. मी पुन्हा म्हटलं की एवढं काय, शिकशीन हळूहळू.

तेव्हा ती म्हणाली, "कोणावर शिकू? तुझ्यावर? तू सतरा नंबरवर झोपशीन का पुन्हा?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्या दिवशी तिथे काय काय पाहिलं, म्हातारीबद्दल मुलीला काय म्हटलं, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलं नाही. पुढे कधीच विचारलं नाही. पण परीक्षेचं नाव त्यांनी त्या दिवसापासून काढलं नाही. मी मात्र हॉल तिकीट निघालं त्या दिवशीही तिच्या उशीपाशी ठेवून आले. परीक्षेच्या सकाळी ती उठली, आंघोळ केली, आणि भाजी निवडायला बसली. मी घड्याळाकडे पाहत होते. अकरा वाजले तेव्हा मीही तिच्यासमोर बसले आणि मेथीची एक जुडी ओढून घेतली.

मग ठरलं की पोरीनं बी.ए. करायचं. त्याला बारावीची मूळ मार्कशीट आणि टीसी लागते, आणि ती दोन्ही कॉलेजात जमा होती. आम्ही तिघंही गेलो. फाटकावरच्या दोन्ही पाट्या उतरल्या होत्या. अंगणात मांडव घातला होता, खुर्च्यांना लाल कपडा बांधून राहिले होते, कोणाचंतरी लग्न होतं. चौकीदार नवीन होता. त्यानं सांगितलं की कॉलेजवाले कागदपत्रं गाडीत भरून घेऊन गेले, कुठे ते माहीत नाही. बाबूजींचा फोन बंद होता. प्राचार्यांचा चालू होता, पण उचलत नव्हते.

डुप्लिकेट कागदांसाठी आधी पोलिसात तक्रार, मग शपथपत्र, मग शाळेचं पत्र, मग भोपाळच्या बोर्डात अर्ज. प्रत्येक खिडकीवर विचारायचे की मूळ कागद कुठे हरवले. पोरगी दर वेळी एकाच आवाजात सांगायची, हरवले नाहीत, कॉलेजात आहेत. मग कारकून म्हणायचा, तो कॉलेज से ले आओ. एकदा मीच मध्ये पडून म्हटलं की बसमध्ये हरवले. त्यानं लगेच अर्ज घेतला.  बाहेर आल्यावर ती माझ्या दोन पावलं पुढे चालत राहिली.

कागद आले तोवर त्या वर्षीचे प्रवेश बंद झाले होते. पुढच्या वर्षी फॉर्म निघाले तेव्हा मी तिला दोनदा आठवण करून दिली. ती हो म्हणाली. तारीख गेली. मी काही म्हणाले नाही, कारण पाच वर्षांपूर्वी मी जे म्हणाले होते ते मला आठवत होतं.

आता ती गोरखपूरच्या बाजारात एका चष्म्याच्या दुकानात काउंटरवर असते. मालक चांगले आहेत, तिला दीदी म्हणतात. लोकांना फ्रेम दाखवते, आरसा धरते, नाकावर सैल आहे का विचारते. तिच्या बरोबरच्या बहुतेक मुली परीक्षेला बसल्या. काही पास होऊन कुठेकुठे कामाला लागल्या आहेत, खाजगी नर्सिंग होममध्ये. त्यातली एक कधीमधी फोन करते. पोरगी तिच्याशी हसून बोलते. फोन ठेवल्यावर मी विचारते, काय म्हणून राहिली? ती म्हणते, काही नाही, ठीक आहे.

मला रात्रंदिवस एकच कळत नाही. तिनं बरोबर केलं, हे मला मनातून माहीत आहे. तरीही ती परीक्षेला बसली असती तर बरं झालं असतं असं मला रोज वाटतं. आणि हे दोन्ही मी तिला सांगू शकत नाही.

मागच्या महिन्यात हे रिटायर झाले. फॅक्टरीत छोटा समारंभ होता, आम्हाला दोघींना बोलावलं होतं. शाल, नारळ, हार, फोटो. मोठे साहेब फार आपुलकीनं बोलले. ह्यांच्या कामाची स्तुती केली, मग पोरीकडे वळून ह्यांना विचारलं, "और बिटिया क्या कर रही है?"

 ह्यांनी गळ्यातला हार उगाच सारखा केला.

"पढ़ रही है, साहब," ते म्हणाले.

साहेब म्हणाले, बहुत अच्छा, खूब पढ़ो. पोरीनं वाकून नमस्कार केला. परतताना ऑटोत तिघं दाटीनं बसलो होतो, नारळ माझ्या मांडीवर होता. गोरखपूरच्या चौकात तिनं ऑटो थांबवला, दुपारनंतर दुकानात यायचं कबूल केलं होतं म्हणाली, आणि उतरून गर्दीत गेली. ह्यांनी ऑटोवाल्याला लगेच निघायला सांगितलं नाही. तो मागे वळून म्हणाला, चलें, बाबूजी? तरी हे थोडा वेळ तसेच बसून राहिले.